अर्थ सांगणाऱ्या सरांनी केलेली फसवणूक

बारामतीच्या इंग्रजी शब्दार्थाच्या क्लासवाल्या सरांनी मला फसवलं. दिवसाढवळ्या, फळ्यावर खडूनं लिहून फसवलं.

नव्वदच्या दशकात लोणी देवकरला कारखाने येत होते. मेंढरं विकून मी टेम्पो घेतला होता आणि एका कारखान्याचा माल वाहायचं काम मला हवंच होतं. नाहीतर टेम्पो दारात उभा राहणार. तिथले साहेब इंग्रजीतच बोलतात असं कळलं, म्हणून क्लास लावला. सर फी कमी करेनात. मग भाजीवर कोथिंबीर मागावी तसे मी रोज पाच शब्द वर मागून घेतले. सर लगेच कबूल झाले. तिथंच मला संशय यायला हवा होता.

सर शब्द म्हणायचे, आम्ही अर्थ घोकायचो. ॲबन्डन म्हणजे परित्याग करणे. ॲम्बिग्युअस म्हणजे संदिग्ध. टेम्पो चालवतानाही माझं तोंड थांबत नसे.

कारखान्यात साहेबांनी माझा दराचा कागद वाचला आणि तो ॲम्बिग्युअस असल्याचं सांगितलं. नेमका पाठ असलेला शब्द! संदिग्ध. इतका भारदस्त शब्द म्हणजे कौतुकच असणार. मी ताठ होऊन म्हणालो, "यस सर. व्हेरी ॲम्बिग्युअस."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, खात्रीसाठी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच, जरा मोठ्यानं सांगितलं. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं.

मग शेळगावचा एक टेम्पोवाला आत गेला. त्यालाही तोच शब्द मिळाला. दारातून मला सगळं ऐकू येत होतं. तो म्हणाला, "साहेब, कुठं अडलंय ते मराठीत सांगा की." डिझेलचा खर्च कुणाचा ते त्याच्या कागदावर नव्हतं. माझ्याही नव्हतं. त्यानं तोंडी सांगितलं आणि काम घेऊन गेला.

मी तडक बारामती गाठली. भरल्या क्लासात विचारलं, "सर, संदिग्ध म्हंजे काय?"

"अस्पष्ट. ज्याचे दोन अर्थ निघतील असं."

"मग हे आधी का न्हाय सांगितलं?"

"तुम्ही कुठं विचारलंत? तुम्ही पाच शब्द जादा मिळाले का, तेवढंच बघत होता."

पोरं हसली. मी सरांना काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मी इंग्रजीचा अर्थ मागितला होता. त्यांनी एका न कळणाऱ्या शब्दाच्या बदल्यात दुसरा न कळणारा शब्द माझ्या गळ्यात मारला. सर अजून बारामतीतच आहेत. माझं काम शेळगावला गेलं त्याचा जाब त्यांनी द्यावा, आणि मला कळेल अशा मराठीत द्यावा.