हरायला कुणीतरी लागतं

शकूताई गायकवाडांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या निवडणूक हरत होत्या. पुढे पंधराएक वर्षं आमची ओळख राहिली, आणि निवडणूक म्हटली की त्यांना दुसरं काही करताना मी पाहिलं नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी नुकताच इंग्लंडातल्याच हाउन्सलोहून कॉव्हेंट्रीला नोकरीसाठी आलो होतो आणि ओळखी व्हाव्यात म्हणून तिथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक सभेला गेलो होतो. सभा चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये होती. मंडळाला घटना होती, घटनेत निवडणुकीचं कलम होतं, आणि ते कलम कधी वापरल्याचं कुणाला आठवत नव्हतं. दर वर्षी हिशेब वाचून झाले की कुणीतरी म्हणे, "सेम कमिटी कंटिन्यू करू या," आणि मंडळी बटाटेवड्यांकडे वळत. त्या दिवशीही लोक खुर्च्या सरकवू लागले होते. तेवढ्यात मागून एक शांत आवाज आला, "मी अध्यक्षपदाला उभी आहे."

अध्यक्ष होते जोगळेकर अण्णा. मंडळ त्यांनीच काढलेलं, आणि तेव्हापासून तेच अध्यक्ष. त्यांचा चेहरा पडला.

"शकूताई, तुमची तक्रार काय आहे ते तरी सांगा."

"तक्रार काहीच नाही. तुम्ही छान काम करता. माझं मतही तुम्हालाच आहे."

"मग उभ्या कशाला राहता?"

"हरायला कुणीतरी लागतं, अण्णा. नाहीतर तुम्ही जिंकलात कुणाशी?"

मतपत्रिका नव्हत्या म्हणून कागदी प्लेटा फाडून चिठ्ठ्या केल्या. वडे गार झाले. शकूताई सपाटून पडल्या, अण्णांशी हात मिळवून त्यांनी अभिनंदन केलं आणि दोन गार वडे आनंदानं खाल्ले. अण्णा आयुष्यात पहिल्यांदा निवडून आले होते, पण घरी जाताना त्यांच्याकडे पाहून तसं वाटत नव्हतं. पुढच्या वर्षीच्या सभेआधी ते मुद्दाम शकूताईंच्या घरी गेले, यंदा एकोप्यानं घेऊ म्हणाले. शकूताईंनी त्यांना आल्याचा चहा दिला, चिवडा दिला, आणि सभेत पुन्हा उभ्या राहिल्या. नंतर ही रीतच पडली.

शकूताई एका शाळेत गणित शिकवत. त्यांच्या हेडमास्तरांनी त्यांचं नाव सुचवलं आणि त्या मॅजिस्ट्रेट झाल्या. तिकडे मॅजिस्ट्रेट व्हायला कायदा शिकावा लागत नाही. गावातलेच शिक्षक, दुकानदार, बँकेतले लोक नेमतात, ते तिघंतिघं बसून लहानसहान खटले ऐकतात, आणि त्याचा पगार मिळत नाही. मंडळात आधी बातमी पसरली की शकूताई जज झाल्या, आणि दोन आठवडे सगळे त्यांना वाकून नमस्कार करत होते. मग पगार नसल्याचं कळलं आणि आदर बराच उतरला. "फुकट बसतात हो," जोगळेकर वहिनींनी मला हळहळून सांगितलं.

पुढे त्या अपिलांनाही बसू लागल्या. खालच्या कोर्टाचा निकाल पटला नाही तर माणूस वरच्या कोर्टात जातो, आणि तिथं विग घातलेल्या जजसाहेबांच्या दोन्ही बाजूंना दोन मॅजिस्ट्रेट बसतात. तिघांचं मत सारखंच मोजतात, म्हणजे दोन बिनविगाची माणसं विगवाल्याला हरवू शकतात. हे कळल्यावर मी एकदा सुट्टी काढून बघायला गेलो. एका म्हाताऱ्याला शेजाऱ्याचं कुंपण मोडल्याबद्दल दंड झाला होता, त्याचं अपील होतं. हिरवं कार्डिगन घालून शकूताई जजच्या डाव्या हाताला बसल्या होत्या. तिघं आत गेले, बऱ्याच वेळानं बाहेर आले, आणि जजसाहेबांनी म्हातारा निर्दोष असल्याचं वाचून दाखवलं. वाचताना त्यांचा चेहरा अळणी आमटी पुढ्यात आलेल्या माणसासारखा होता.

बसमध्ये मी विचारलं, "ताई, तुम्ही दोघांनी मिळून साहेबांना पाडलंत ना?"

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "आतलं बाहेर सांगायचं नसतं. आज बस वेळेवर आली, नाही?"

मॅजिस्ट्रेट मंडळींचीही दर वर्षी निवडणूक होई. आपल्यातला एक अध्यक्ष ते गुप्त मतदानानं निवडत. शकूताईंना मतं पडत, पण पुरेशी कधी पडली नाहीत. अध्यक्ष बहुतेक वेळा गोल्फ खेळणारा असे. निकालाच्या दिवशी मी फोन करायचो, त्या एकच शब्द बोलायच्या, "पडले." मी एकदा चिडून म्हटलं, निदान स्वतःला तरी मत देत जा. त्यांनी शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं, "न्यायाधीशानं स्वतःच्या खटल्यात बसायचं नसतं, दिलीप."

मला वाटायचं, बाईंना हरण्याची हौस आहे. तसं नव्हतं. एका रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात मटार सोलत असताना त्यांनी मला त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. त्यांच्या गावची ग्रामपंचायत नेहमी बिनविरोध व्हायची. गावाची एकी म्हणून तालुक्यात कौतुक होई. एका वर्षी वडिलांनी अर्ज भरला. त्या संध्याकाळी गावातली चार मोठी माणसं त्यांच्या घरी आली. ती माणसं आधी कधी त्या वस्तीत आली नव्हती. त्यांनी गोड बोलून समजूत घातली आणि चहा मागितला.

"आमच्या घरचा चहा प्याले, दिलीप. कपातला. आई दारामागं उभी राहून बघत होती. सकाळी वडिलांनी अर्ज मागं घेतला. दुसऱ्या दिवसापासून परत कुणी प्यायलं नाही." त्यांनी एक शेंग सोलली. "बिनविरोध म्हणजे कुठंतरी ठरलेलं असतं. कुठं ठरलं, तेवढं आपल्याला सांगत नाहीत."

नवरा, गायकवाड, शेजारी पेपर वाचत होते. ते फारसं बोलत नसत. "तिला निवडून यायचंय," ते पेपरामागून म्हणाले. शकूताई रागावल्या नाहीत. "यायचंय तर," त्या म्हणाल्या. "शाळेनं नेमलं, कोर्टानं नेमलं. नेमलं पुष्कळांनी, निवडलं कुणी नाही. एकदा कुणीतरी समोर उभं असताना लोकांनी माझं नाव लिहावं, एवढंच आहे."

सत्तरी गाठली की मॅजिस्ट्रेटला निवृत्त व्हावं लागतं. शकूताई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांचा शेवटचा निकालही "पडले" हाच होता. त्याच वर्षी जोगळेकर अण्णांचे गुडघे गेले आणि त्यांनी अध्यक्षपद सोडायचं ठरवलं. सभेत काठी टेकून उभे राहत ते म्हणाले, "माझ्या जागी शकूताई. बिनविरोध." टाळ्यांचा कडकडाट झाला. अण्णांना त्यांचा मान करायचा होता आणि त्यांना माहीत असलेला सगळ्यात मोठा मान तो होता.

शकूताई म्हणाल्या, "असं नको. कुणीतरी उभं राहा."

कोण राहणार? सगळ्यांना त्यांच्याबद्दल माया होती. माणसं चपलांकडे बघत बसली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दिलीप, तू."

मी उभा राहिलो. निवडून येण्याची भीती नसल्यामुळे मी निवांत होतो. चिठ्ठ्या वाटल्या, चहा झाला, अण्णांनी मोजायला घेतल्या. दोनदा मोजल्या. मग त्यांनी मला कोपऱ्यात बोलावून हळूच विचारलं, "आता रे काय करायचं?"

मी एका मतानं निवडून आलो होतो.

झालं होतं असं, की शकूताई येणारच याबद्दल कुणाला शंका नव्हती. मग बिचाऱ्या दिलीपला शून्य मतं पडायला नकोत, चारचौघांत त्याचा पोपट नको व्हायला, असा विचार पुष्कळांनी केला, आणि प्रत्येकाला वाटलं तो आपण एकट्यानंच केला. "अहो, मी आपलं एक दिलं त्याला, नुसतं सोबतीला," जोगळेकर वहिनी रडवेल्या होऊन सांगत होत्या. सगळे म्हणाले, पुन्हा मतदान घेऊ, मिस्टेक झाली.

"निकाल लागल्यावर साक्षी घेत नाहीत," शकूताई म्हणाल्या. "अण्णा, वाचा मोठ्यानं."

अण्णांनी वाचला. कुणी टाळी वाजवली नाही, फक्त शकूताईंनी वाजवली. त्यांनी स्वतःचं मत स्वतःला दिलं असतं तर त्या निवडून आल्या असत्या, हे मला तेव्हाच कळलं, कारण नेहमीसारखं त्यांचं मत समोरच्याला, म्हणजे मला होतं.

घरी सोडायला मी त्यांच्याबरोबर गाडीत होतो. गायकवाड चालवत होते. मी म्हटलं, उद्या राजीनामा देतो. "दिलास तर माझं हरणं फुकट जाईल," त्या म्हणाल्या. गायकवाडांनी वायपर लावले. मग म्हणाल्या, "पण आज हवं होतं रे मला. फार हवं होतं."

"मी तुला दिलं," गायकवाड म्हणाले.

"सांगायचं नसतं हो ते," त्या म्हणाल्या, आणि रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले. इतकं वाईट मला परीक्षेत नापास होऊनही वाटलं नव्हतं.

पुढे दोन वर्षं त्या माझ्याविरुद्ध उभ्या राहिल्या नाहीत. उठवत नव्हतं. दुखणं पोटाचं होतं आणि ते उशिरा कळलं. सभेच्या दिवशी गायकवाडांकडून विचारून घेत, "दिलीपसमोर कोण होतं?" आणि कुणीतरी होतं हे कळल्यावर झोपत. तिसऱ्या वर्षी त्या गेल्या.

त्यानंतरच्या सभेत हिशेब वाचून झाले. बटाटेवड्यांचा वास येत होता. मी विचारलं, अध्यक्षपदाला कोण उभं आहे. मागून कुणीतरी सवयीनं म्हणालं, "सेम कमिटी कंटिन्यू करू या." खुर्च्या सरकल्या. मग पुढच्या रांगेत काठीचा आवाज झाला.

"मी आहे," जोगळेकर अण्णा म्हणाले.

वहिनींनी त्यांची बाही ओढली. "अहो, तुम्हाला जिना चढवत नाही. हे काय काढलंत?"

"हरायला कुणीतरी लागतं," अण्णा म्हणाले.

गायकवाडांनी उठून कागदी प्लेटा फाडायला घेतल्या. माझी चिठ्ठी आली तशी मी तिच्यावर जोगळेकरांचं नाव लिहिलं आणि घडी घातली.