वीतभर खाली

बोर्डाच्या भिंतीवर बेसिन बसवायचं असेल तर भिंत बंद व्हायच्या आधी प्लंबरने येऊन खूण करायची असते. पत्र्याच्या चॅनलचा सांगाडा उभा असतो, त्याला दोन्ही बाजूंनी जिप्समचे बोर्ड लागणार असतात, आणि बेसिनचा भार पेलायला मधे एक जाड आडवी फळी ठोकतात. ती किती उंचीवर ठोकायची ते प्लंबर सांगतो. वरून टाइल बसल्या की फळी कुणाला दिसत नाही. ती जागेवर आहे, असं धरूनच सगळे पुढे चालतात.

लातूरच्या त्या मुलींच्या वसतिगृहात खूण मी केली होती.

क्लासेसची चलती सुरू झालेली. दहावीला मार्क पडले की नांदेडकडून, परभणीकडून आईबाप पोरींना ट्रंकेसह आणून सोडायचे, डॉक्टर व्हायला. खोल्या पुरत नव्हत्या. वसतिगृहाचे मालक आधी शाळेत मास्तर होते, म्हणून सगळे त्यांना सर म्हणायचे. त्यांनी जुन्या इमारतीवर तिसरा मजला चढवला. बाथरूमच्या भिंती विटांच्या करायच्या की बोर्डाच्या, हा प्रश्न होता. बोर्ड मी सुचवला.

"सर, हलकी भिंत घ्या," मी म्हणालो. "पडली तरी माणूस मरत नाही."

हे मी धंद्यासाठी बोललो नव्हतो. आमचं गाव औशाच्या बाजूचं. भूकंपात आमच्या घराची दोन हात रुंदीची दगडमातीची भिंत आई आणि धाकट्या बहिणीवर पडली. त्यांना काढायला गावातली आठ माणसं लागली. त्यानंतर कित्येक वर्षं मी जाड भिंतीला पाठ लावून बसलो नाही. आमच्याकडे तेव्हा हलकं म्हणजे चांगलं, असंच सगळ्यांच्या डोक्यात बसलं होतं. सरांनाही ते पटलं.

चूक साधी होती. मी उंची मोजली ती उघड्या स्लॅबवरून. बाथरूमच्या फरशीखाली विटांच्या तुकड्यांची भर पडणार, जमीन वीतभर वर येणार, हे मला माहीत होतं. रोजचंच काम. त्या दिवशी ते मोजण्यात धरायचं राहिलं. फळी मी सांगितली तिथेच ठोकली गेली, बोर्ड लागले, टाइल बसल्या.

टाइल बसवणारे मिस्त्री मुदखेडचे. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, पानाचा तोबरा कायम. सांध्यांतून नख फिरवून बघायची त्यांची सवय. नख कुठे अडकलं की ती टाइल काढून पुन्हा लावायचे. मला म्हणायचे, "पलंबर, माझ्या टाइलला भोक पाडताना बिस्मिल्ला म्हणत जा. लई जीव लावून बसवल्यात."

बेसिनसाठी भोक पाडायला घेतलं तेव्हा ड्रिल टाइलमधून गेलं, बोर्डातून गेलं आणि एकदम सैल पडलं. लाकूड लागलंच नाही. दुसरं भोक तसंच, तिसरंही. मी पट्टी घेऊन जमिनीपासून मोजलं आणि खाली बसलो. बेसिन फळीवर घ्यायचं तर पोरींना गुडघे टेकून तोंड धुवावं लागलं असतं. नाहीतर मिस्त्रींच्या टाइल फोडून बोर्ड उघडायचा, नवी फळी टाकायची. चार दिवस गेले असते, आणि सोमवारी पोरी यायच्या होत्या. खरं अडलं ते वेगळ्याच जागी. माझी चूक मिस्त्रींना आणि सरांना सांगावी लागली असती. मी भोकांत पांढरं सिमेंट कोंबलं, प्लास्टिकच्या लांब गुट्ट्या ठोकल्या आणि त्यांत बोल्ट आवळले. विटेच्या भिंतीत चालतं तसं. बेसिनवर हात दाबून बघितला. जोर लावून दाबला नाही.

दिवाळीआधी ते पडलं. एक मुलगी सकाळी केस धुवायला त्यावर वाकली होती. बेसिन फुटून त्याचा तुकडा तिच्या उजव्या मनगटात शिरला. दोन बोटं त्यानंतर वाकलीच नाहीत, असं कानावर आलं. तिचे वडील येऊन ट्रंक घेऊन गेले. तिचं नावगाव मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर जावं लागलं असतं.

मी पोचलो तेव्हा जमिनीवर रक्त होतं आणि बेसिनसोबत उखडून आलेल्या सात-आठ टाइल होत्या. त्यांच्यावर बोर्डाचा भुगा पडलेला. माझे बोल्ट गुट्ट्यांसकट त्यातच पडले होते. फळीत बसवलेल्या बोल्टला गुट्टी लागत नाही. कुणाचं लक्ष नाही बघून मी ते उचलले आणि खिशात टाकले.

सर मिस्त्रींवर ओरडत होते. "टाइलच सुटल्या की हो तुमच्या! पोरीचा हात गेला!"

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. "पलंबर, तुम्ही सांगा. आत फळी होती का न्हाई?"

"होती," मी म्हणालो.

ते खरंच होतं, म्हणून आवाजही हलला नाही. सरांनी त्याच दिवशी मिस्त्रींना कामावरून काढलं. महिनाभरात लातूरमध्ये त्यांना कुणी बोलावेना. ते गावी निघून गेले. मला सरांनी खालच्या मजल्याचं कामही दिलं, आणि मी ते केलं.

गेल्या वर्षी नांदेडजवळ विष्णुपुरीला एका कामावर होतो. तिथून मुदखेड लांब नाही. दोन दिवस स्वतःला कारणं सांगितली, तिसऱ्या दिवशी गेलो. मिस्त्री स्टेशनच्या रस्त्याला छत्र्या आणि कुलपं दुरुस्त करत बसले होते.

"या पलंबर. लातूरला छत्र्या मोडत न्हाईत का?"

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांच्या हातात छत्रीची काडी होती, ती त्यांनी खाली ठेवली.

"होती म्हणला होता तुम्ही."

"होती. वीतभर खाली."

त्यांनी ती काडी उचलून डब्यात टाकली. मग म्हणाले, "मी लई दिवस डोकं लावून राहिलो. चिकटवायचं केमिकल पातळ झालं का, भिंत नीट पुसली न्हाई का. नंतर इकडं दोन कामं घेतली. काम संपलं तरी रोज जाऊन टाइला ठोकून बघायचो. घरवाले हसायचे. मग हातच लावू वाटेना."

मला वाटत होतं, यांनी इतकी वर्षं मला शिव्या दिल्या असतील. त्यांनी स्वतःच्या हातालाच दोष दिला होता.

त्यांच्या बायको दारात येऊन ऐकत होत्या. "भाईसाब, हे इथं सांगून काय फायदा?" त्या म्हणाल्या. "मुदखेडात यांच्या कामाला कोण नावं ठेवलंय? जिथं नाव गेलं तिथं जाऊन बोला."

लातूरमध्ये टाइलच्या एका दुकानासमोर सकाळी मिस्त्री लोक कामासाठी उभे राहतात. तिथे जाऊन मी बोललो. निम्म्यांनी विचारलं, "कोण मिस्त्री?" एक जण म्हणाला, "मामा, आमच्या साइटवर तरी नीट मोजा." दोघा म्हाताऱ्यांना आठवलं, त्यांनी मान हलवली. सरांकडे गेलो तर म्हणाले, "जुनं कशाला उकरून काढताय? चहा घ्या." मी चहा घेतला नाही.

मुदखेडला फोन करून कळवलं. मिस्त्रींनी एकेकाचं विचारलं, कोण होतं, कोण नव्हतं. शेवटी विचारलं, "आमचे उस्ताद होते का? ज्यांनी मला थापी धरायला शिकवली?"

चौकशी करताना मला त्यांचं कळलं होतं. "ते वारले," मी म्हणालो. "चार वर्षं झाली."



"म्हणजे ते माझी चूक समजूनच गेले."

"हो," मी म्हणालो.