वशिंड नसलेला नंदी

आमच्या घरी गाय होती आणि चहा कोराच व्हायचा. दूध सगळं गल्लीत विकलं जायचं. आप्पांची काशीत दुर्गाघाटावर भिक्षुकी. कुणाचा अकरावा-बारावा असला की चूल नीट पेटायची. आपण लोकांच्या मरणाची वाट बघतो, म्हणून आई स्वतःवरच चिडायची.

मग चार जणांचं ऐकून आप्पांनी भरपूर दुधाची संकरित गाय आणली. तिला पंखा लागे, पेंड लागे, डॉक्टर लागे. जेठातली लू, ती भाजून काढणारी झळ, सुटली आणि ती बसली ती उठलीच नाही. शेजारी आमची करडी, इथल्याच गंगातीरी वाणाची, वाळका भुसा चघळत उभी होती. शिकायचं तर हेच, असं मी तिथंच ठरवलं.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. पशुपालन घेतलं. गल्ली हसली.

"शेण काढायला डिगरी लागते होय गं?"

"लागते. तुम्हाला तर बिनडिगरीचंही जमत नाही."

करडीचा खोंड तोवर वयात आला होता. पैलतीरी रेतीतल्या गावात एकेका गाईवर संसार करणारी माणसं. गाई गंगातीरी, पण त्या वाणाचा वळू उरला नव्हता. मिळेल त्या सांडाची वासरं व्हायची आणि उन्हाळ्यात आमच्या त्या संकरित गाईसारखी बसायची. गाव खोंडाला पोसायला तयार होतं, विकत घ्यायची ऐपत नव्हती; फुकट दिला तर अडीनडीला कुणीतरी विकून टाकला असता. आमच्या गोठ्यात त्याला जागा नव्हती. तो कसायाकडे गेला असता तर वाण तिथंच संपलं असतं.

त्याच सुमारास आप्पांच्या एका बड्या यजमानाचे वडील वारले. काशीत अशा वेळी अकराव्याला मेलेल्याच्या नावानं सांड सोडतात. सोडलेला सांड कुणाच्या मालकीचा राहत नाही, त्याला कुणी विकू शकत नाही. यजमानाने डेअरीतून काळापांढरा, टोलेजंग संकरित सांड आणला आणि आप्पांना दाखवायला आईला घेऊन आमच्या दारी आला. मी म्हटलं, आमचा न्या, फुकट न्या, आणि पैलतीरी सोडा.

यजमान हसला. "पंडितजी, बिटिया अपना माल खपा रही है! सांड तो सांड होता है."

"मग याचं वशिंड दाखवा," मी म्हटलं. "बिनवशिंडाचा नंदी काशीत कुठल्या देवळात बघितलात?"

यजमानाने सांडाच्या सपाट पाठीकडे पाहिलं, मग आप्पांकडे. आप्पा घरात माझं कधी ऐकत नसत. त्या दिवशी त्यांनी पोथी मिटली.

"मुलगी बरोबर बोलते. याच्यावर मी मंत्र म्हणणार नाही. दुसरा भटजी बघा."

आई दारात कपाळाला हात लावून उभी होती. तेवढ्यात यजमानाची म्हातारी आई पुढे आली, तिने आमच्या खोंडाच्या वशिंडावर हात ठेवला आणि मुलाला म्हणाली, "यही जाएगा. तेरे बाप के नाम का है, शरम कर."

खोंड नावेतून पलीकडे गेला.

आज त्या गावात त्याच्या कालवडी विताहेत, लूमध्येही उभ्या राहताहेत. करडीचं वाण टिकलं. तिथून रोज तांब्याभर दूध येतं आणि आमच्या घरी चहा दुधाचा होतो.