उत्तरायणाला खाली कोण बघतं

ह्या उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, आम्ही सगळे समा भागात, काकांच्या धाब्यावर होतो. धाबं म्हणजे गच्ची, पण बडोद्यात राहून तो शब्दच विसरायला झालाय... सकाळपासून चारी बाजूंनी स्पीकर, पिपूड्या म्हणजे पिपाण्या, आणि पतंग कापला की 'काप्यो छे'चा गलका.

माझ्या हातात फिरकी नव्हती, कॅमेरा होता. सेकंडहॅन्ड डिजिटल. आजवर एका नोकरीत सगळ्यात जास्त टिकलो ते हा घेता यावा म्हणून. पण बटण दाबेपर्यंत पतंग कुठच्या कुठे गेलेला असतो आणि फोटोत उरते शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. माझी चुलत बहीण तृप्ती स्क्रीनवर बघून म्हणाली, "टाक्यांचं प्रदर्शन भरव तू."

मग जेवायच्या थोडं आधी माझं लक्ष नेहमीसारखं भलतीकडेच गेलं. खाली फाटकापाशी एक गाय कुणाचा तरी कटलेला पतंग मन लावून खात होती... वाकून तिचाच फोटो काढला.

दुपारी काकूने ताटं वाढली, उंधियू, जिलेबी सगळं, आणि मला म्हणाली, काकांना वर घेऊन ये हाताला धरून. गुडघ्यांमुळे काकांना जिना झेपत नाही, म्हणून ते खाली दारात उन्हाला खुर्ची टाकून बसले होते. मी गेलो तर खुर्ची रिकामी. चपलाही नाहीत.

इथे एक सांगायला हवं. काका हल्ली विसरतात... जेवलो की नाही ते विसरतात, मला कधी कधी माझ्या बाबांच्या नावाने हाक मारतात. एकटं सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काकू दर थोड्या वेळाने कठड्यावरून वाकून बघतही होती, पण सणाचं घर, आल्या-गेल्यात कुठे तरी तिची एक खेप चुकली असेल.

वर ओरडून सांगितलं आणि सोसायटीत धावत सुटलो. रस्ते ओस, कारण अख्खं बडोदं वर. खालून ओरडून विचारावं तर लोक एक डोळा आभाळात ठेवूनच 'ना रे, नथी जोया', नाही पाहिले, म्हणत होते. त्यांची तरी काय चूक? उत्तरायणाला खाली कोण बघतं...

कोपऱ्यावर एक पिपूड्या विकणारा बसला होता. दुसऱ्या गावचा, काकांना ओळखत नव्हता. फोटो असेल तर दाखव, म्हणाला.

मी गळ्यातला कॅमेरा चालू केला. पतंग, टाक्या, सुरसागर तलावावरची कबुतरं, नर्मदेवरचा पूल, ओळखी-अनोळखी मांजरं, प्लेटमधली सेवउसळ... ज्यांच्या घरात राहतो, ज्यांच्या ताटात जेवतो, त्यांचा एकही फोटो नाही.

तेवढ्यात काकू आली, भिंतीवरची फ्रेमच काढून घेऊन. काका नोकरीला होते त्या वाघोडियाच्या कंपनीत त्यांचा सत्कार झाला होता तेव्हाचा फोटो... कोट, टाय, काळ्याभोर मिशा. पिपूडीवाल्याने नीट बघितला आणि मान हलवली. "मासी, आवा कोई नथी नीकळ्या अहींथी." असे कुणी इथून गेलेच नाहीत म्हणे.

काकूने फ्रेम आपल्याकडे वळवली. मग हळूच म्हणाली, "खरंय त्याचं. हे आता असे दिसतच नाहीत."

मला काय करावं सुचेना, म्हणून आजचे फोटो पुन्हा एकेक करून मागे नेत राहिलो. बॅटरीची लाल खूण लागलेली... आणि त्या गाईच्या मागे, फाटकाच्या बाहेर, फोटोच्या अगदी कडेला, एक तपकिरी स्वेटर. झूम केलं तर नुसते चौकोन चौकोन. चेहरा नाही, पाठच.

काकूने कॅमेरा माझ्या हातातून घेतला. पाठ तिने लगेच ओळखली, पण बघत होती ती हाताकडे. "डब्याची पिशवी आहे रे... हे कामावर गेलेत."

मेन रोडच्या ज्या नाक्यावर कंपनीची बस थांबायची, तिकडे स्कूटरवरून निघालो. मागे तृप्ती. उत्तरायणाला स्कूटर म्हणजे गळ्याशी खेळ, कुठून मांजा आडवा येईल सांगता येत नाही. मफलर गुंडाळून, हनुवटी छातीला लावून चालवत होतो, आणि डोक्यात एकच... काकांच्या गळ्यात मफलर होता का?

होते. तिथेच होते! एका बंद दुकानाच्या पायरीवर, भांग पाडून, मांडीवर पिशवी. तृप्तीला रडू फुटलं. मी म्हटलं, "काका, आज बस नाही. सुट्टी आहे, उत्तरायण."

"मग आधी सांगायचं नाही का?" काका चिडले. "केव्हाचा उभा होतो. आता बसलो."

पिशवीत डबा होता, रिकामा. घरी आल्यावर काकूने तो घासून फडताळात वर ठेवला, काकांच्या हाताला लागणार नाही असा.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी कुठेही भटकायला निघण्याआधी काकांचा एक फोटो काढतो. त्या दिवशी जे कपडे अंगात असतील त्यातला, समोरून. कशासाठी ते त्यांना सांगवत नाही... पण त्यांनीच ठरवून टाकलंय की कंपनीचा नवा पास बनतोय. दाढी करून तयार बसतात. नीट आला का, विचारतात. मी हो म्हणतो.

तुमच्या घरातल्या माणसांचे फोटो काढत जा. सण नसताना, नटलेली नसताना, आज जशी दिसतात तशी.

आज राखाडी स्वेटर आहे. वरचं बटण लावलेलं, नजर सरळ माझ्याकडे.