मीठ आपोआप होत नाही

मिठागरात राबणाऱ्या माणसाची मी मुलगी. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, आणि चढले ती पनवेलला, तत्त्वज्ञान घेऊन. उलव्याकडे तेव्हा मिठागरं बुजवायला मातीचे भराव पडत होते, आमचं आगर अजून चालू होतं.

शेवटच्या वर्षी सरांनी शिकवलं, मेंदूतून जाणीव येते कशी. उत्तर एका शब्दाचं: उद्भव. एकेकटी पेशी मुकी, पण अब्जावधी जमल्या की जाणीव उद्भवते. दाखला मिठाचा. "समुद्राचं पाणी उन्हात ठेवा, मीठ आपोआप उद्भवतं. कोणाला काही करावं लागत नाही."

आपोआप! उन्हात माझ्या बापाच्या पायांची सालं निघायची, ती काय आपोआप?

घरी सांगितलं तर बाप हसला. "आपोआप चिखल होतो, बाय. कंच्या वाफ्यातलं पानी कवा पुढं सोडायचं, ते आमच्या बोटाला कळतं. एक वाफा चुकला का मीठ नाय."

तोंडी परीक्षेत सरांनी नेमका तोच प्रश्न विचारला, जाणीव येते कशी. यात नापास म्हणजे पदवी गेली. तरी मी म्हणाले, "सर, मीठ कसं होतं ते माझे वडील एकेक वाफा धरून सांगतात. दाढ दुखताना पेशींत काय चालतं तेही पुस्तकात आहे. पण पेशींतलं ते चालणं 'दुखणं' बनतं ते कुठल्या पायरीला? तिथे नुसतं 'उद्भवतं' लिहिलंय."

"मग वडिलांनाच आणायचंस परीक्षेला!" सर हसले. "एक वाक्य बोल आणि जा. पास व्हायचंय ना?"

"जाणीव मेंदूतून उद्भवते, सर."

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी मान वर केली. "तुला पटतं हे?"

"नाही, मॅडम."

"मग बोललीस का?"

"पास व्हायचंय."

सर गुण लिहीत होते, ते लिहीतच राहिले. बाईंनी यादीतलं पुढचं नाव पुकारलं.

सिद्धांत खराही असेल, मला ठाऊक नाही. सरांनाही नव्हतं, एवढंच माझं म्हणणं. आमच्या आळीत कोणी 'देवाची करणी' म्हणालं की अडाणी ठरतं. सरांनी 'उद्भव' म्हटलं की तो धडा होतो. आणि मी, शिकलेली, विचारायला गेले आणि पाठ केलेलं बोलून बाहेर आले. पदवी मिळाली. ती मी मान वर करून दाखवते, पण त्या दिवशी मला गुण मिळाले ते न पटलेलं वाक्य बोलण्याचे.