अजून एकदा, मावशी

ठाण्यात खोपटला एसटी डेपोच्या मागे, पिठाच्या गिरणीवर एक छोटासा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. मालक मारुतीकाकांना आता गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, म्हणून सगळा कारभार योगिनी बघते. डेपोत गाडी मागे घेताना कंडक्टरची शिट्टी थेट माईकमध्ये घुसते. मग गायकाला थांबवायचं, "बस जाऊ दे दादा" म्हणायचं, ओळ पुन्हा घ्यायची. कटकटीचं काम, पण योगिनी त्यात मुरलेली होती.

तिची खरी हुकमत होती कॉम्पिंगवर. म्हणजे असं, की गायकाने एकच गाणं पुन्हापुन्हा गायचं, तिने ते सगळे टेक स्क्रीनवर एकाखाली एक लावायचे, या टेकमधली एक ओळ, त्या टेकमधला अर्धा शब्द असं वेचत जायचं, आणि सांधा कुठे कळणार नाही अशी एक सलग पट्टी करायची. दम लागलेला माणूससुद्धा त्या पट्टीत एका दमात गातो. नियम एकच, जो तुकडा सर्वांत चांगला तो राहणार, बाकीचे गप्प बसणार.

आता तिच्या सासूबद्दल सांगायला हवं. जाईबाई डोंबिवलीच्या खाडीकाठच्या गावातली धवलारीण. लग्नात धवला गाऊन देवांना आवतण देणारी बाई. तिच्याशिवाय मांडवात हळद चढायची नाही, असा एकेकाळी मान होता. योगिनी सून होऊन आली तेव्हा मात्र सासूचा आवाज पार गेलेला. बोलणंसुद्धा घोगरं, फाटकं. कुणी विचारलं तर म्हातारी म्हणायची, "गला बसला, उठलाच नाय." बस, एवढंच. आणि गावातल्या हळदींना वाजायचा साईनाथचा धवला. चाल तीच, शब्द तेच, मागे ढोलकी, फोनवर साईनाथचा टोपी घातलेला फोटो. बाईला बोलवायची गरजच काय? बटण दाबलं की झालं!

या साईनाथचा जन्म त्याच गावातला. गाणं गाजलं तसा ठाण्याला टॉवरमध्ये राहायला गेला, गावाकडे फिरकेनासा झाला. जाईबाईची सून कोण, हे त्याला कुठून माहीत असणार!

योगिनीला खरं कळलं ते स्टुडिओतल्या एका जुन्या हार्ड डिस्कमुळे. मारुतीकाकांनी आयुष्यात कधी काही पुसलं नाही. त्या डिस्कवर 'धवला - जाईबाई' नावाचा प्रोजेक्ट होता. तिने सहज लावला, आणि एक आवाज असा काही भरभरून आला, की तिने हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला. ज्या आवाजाबद्दल गावातल्या बाया अजून बोलतात, तो सुनेने पहिल्यांदा ऐकला. टेकमागून टेक होते. प्रत्येकाच्या शेवटी साईनाथचा तरुण, गोडगोड आवाज, "छान, अजून एकदा, मावशी." पुढेपुढे जाईबाई खोकायला लागते. "बाला, आंगान ताप हाय रं." "शेवटचं, मावशी. तुमच्याच नावाने निघणार आहे ना हे." शेवटच्या टेकमध्ये आवाज वरच्या सुरावर जातो आणि कापड फाटावं तसा फाटतो. मग परत तेच, "अजून एकदा?"

त्याने चाल पाठ करून घेतली, स्वतः गायला, स्वतःच्या नावाने काढली. मेल्याने गळा घेतला, नावही दिलं नाही. योगिनीने घरी कुणाला काही सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. पण त्या दिवसापासून तिच्या डोक्यात साईनाथ बसला तो बसलाच. पोळ्या लाटतानासुद्धा ती त्याला लाटत असायची.

आणि बघा, तो आपल्या पायांनी चालत आला! मुलीचं लग्न काढलेलं. हळद मात्र गावाला, मूळ घरी करायची, आणि तिथे बापाने नव्याने गायलेला धवला वाजवायचा असा थाट. पोट सुटलेलं, दम उरलेला नाही. पहिली ओळ ठीक जायची, दुसरीला घोडं अडायचं. योगिनी काचेपलीकडून सुपारीएवढाही भाव न दाखवता म्हणत राहिली, "छान, सर. अजून एकदा." घामाघूम झाला बिचारा. बिचारा कसला!

"बाकीचं तू जोड गं," तो टॉवेलने मान पुसत म्हणाला. "मशीन कशाला आहे? मला लग्नाची धावपळ आहे."

तो गेल्यावर तिने आधी काय केलं असेल? नियम उलटा केला. प्रत्येक टेकमधला सर्वांत वाईट तुकडा उचलला. बेसूर, धापा, थुंकी गिळल्याचा आवाज, सगळं मन लावून सांधलं. ऐकून ती एकटीच पोट धरून हसली. मग तिचं हसू थांबलं. लोक चार दिवस हसतील, तो म्हणेल स्टुडिओवाली येडपट होती, आणि धवला त्याचाच राहील. तिने ती पट्टी पुसली.

मग जुनी डिस्क लावली. साईनाथच्या टेकखाली जाईबाईचे टेक ओळीने बसवले आणि नेहमीचा नियम लावला. जे चांगलं ते राहील. पहिली ओळ तिने मुद्दाम साईनाथची ठेवली, ती ओढूनताणून जाईबाईच्या सुरावर आणली. ढोलकीही तिच्या चालीने सरकवली. दुसऱ्या ओळीपासून शेवटपर्यंत जाईबाई. एकदाही पक्षपात करावा लागला नाही.

साईनाथने फोनवर, केटररच्या गोंगाटात, पहिली ओळ ऐकली. "फर्स्टक्लास!" म्हणाला आणि फोन ठेवला.

हळदीच्या संध्याकाळी मांडवात गाव जमलं. नवरी सान्वी पाटावर बसली. स्पीकरमधून साईनाथ एक ओळ गायला, तो स्वतः मान डोलवत उभा. आणि मग तो आवाज आला. बायांच्या हातातल्या हळदीच्या वाट्या जागच्या जागी थांबल्या. "गो बाय! ही त जाईबाय!" चंद्रभागा म्हातारी ओरडली आणि गायला लागली. तिच्यामागून सगळ्या बाया. साईनाथ धावत डीजेकडे गेला, "बंद कर, बंद कर ते!" पण धवला चालू झाल्यावर मध्येच तोडायचा नसतो. बायांनी त्याला तिथेच अडवलं.

दोन गल्ल्यांपलीकडे आपल्या ओटीवर बसलेल्या जाईबाईने तो आवाज ऐकला. योगिनी शेजारी उभी होती, शाबासकीची वाट बघत. म्हातारीने मान वळवली. डोळे लालभडक.

"तुझा उद्योग?"

"हो, आई. त्याला दाखवलं मी सगळ्या गावासमोर..."

"अगो, बोलावनं नसताना मना त्याचे दारान गायाला लावलंस? उभ्या जन्मान मी कुनाचे मांडवान आवतनाशिवाय पाय नाय ठेवला! मी काय भिकारीन हाय? त्याचे पोरीला आशीर्वादपन मीच देयाचा, आनी तोपन फुकट?"

आवाजाचं योगिनीला सगळं कळत होतं, मानाचं हे कळलंच नव्हतं. सूड घ्यायला गेली आणि सासूचा आवाज तिच्याच वैऱ्याच्या दारात नेऊन ठेवला. तिला तिथल्या तिथे रडू फुटलं.

पण तिकडे मांडवातून गाव अजून उठून गेलेलं नव्हतं. त्या गावची रीतच तशी. जिचा धवला होतो, तिच्या दारी नवरीच्या बापाने लुगडं-नारळ घेऊन जायचं, आणि तिच्या हातचे तांदूळ आणायचे. ते आल्याशिवाय हळद नाही. इतकी वर्षं साईनाथचं गाणं वाजत होतं, तेव्हा लुगडं कुणाला द्यायचं हा प्रश्नच नव्हता. आज चंद्रभागेने तो काढला. "जाईबायचा धवला झाला. चल, घाल टोपी."

तो आला. मागे बायांचा घोळका. हातात ताट, ताटात लुगडं, नारळ. मान खाली. योगिनी दाराआड उभी होती. तिच्याकडे बघितलं तेव्हा त्याला कळलं सगळं.

जाईबाई उठली नाही. सुपातले तांदूळ ओंजळीने उचलून तिने चंद्रभागेच्या पदरात घातले. "पोरीचा काय गुन्हा नाय. जा, हलद चालू करा. चांगली दोनी हातांनी लावा." बाया निघाल्या, तसा साईनाथही वळला.

"तू कुठं चाल्लास? नारल-लुगड्यानी माझा मान नाय फिटत. हितं पायरीवर उभा रं आनी धवला गा. माझा गला ऐकला गावान. आता तुझा ऐकू दे."

"मावशी, पोरीची हळद आहे..."

"तवा मनापन घरान कामा होती. गा."

निघालेल्या बायांपैकी बऱ्याच जणी तिथेच थांबल्या. शेजारपाजारचे पुरुषही कुंपणाशी आले. साईनाथने खाकरून सुरुवात केली. पहिली ओळ गेली. दुसरीला दम तुटला, सूर घसरला. इथे उचलून आणायला दुसरा टेक नव्हता. तिकडे मांडवात हसण्याचा कल्लोळ उठला, सान्वीला हळद लागत होती. बापाचं लक्ष तिकडे, पाय पायरीवर.

योगिनीला वाटलं होतं, आता आपल्याला त्याची दया येईल. नाही आली.

जाईबाईने पान जुळवलं, दाढेखाली सरकवलं, आणि त्या घोगऱ्या, फाटक्या आवाजात अगदी मायेने म्हणाली, "छान. अजून एकदा."