नामदेवभाऊ आणि उलटी चाललेली गाडी

वहिनींचा फोन आला तेव्हा मी आलापल्लीच्या घरी अंगणात मोहफुलं वाळत घालत होते. "बाई, हे जेवून झोपले, ते उठलेच नाई…" एवढंच त्या बोलल्या. महिना होऊन गेला, तरी मन ते मानत नाही.

नामदेवभाऊ माझा थोरला भाऊ. चंद्रपूरला त्याचं गॅरेज. ऑटोमॅटिक गाड्या आमच्या भागात आल्या तेव्हा त्यांच्या गिअरबॉक्सला हात लावायला सगळेच कचरत. हा मुद्दाम नागपूरला राहून ते काम शिकून आला.

काही वर्षांपूर्वी माझी मुलगी कविता बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले म्हणून भाऊ आणि मी तिला जावयांच्या ऑटोमॅटिक गाडीतून चंद्रपूरच्या दवाखान्यात नेत होतो. सागवानाच्या जंगलात शिरलो आणि तिला कळा सुरू झाल्या. थोडं पुढं जातो तर गाडीच थांबली. इंजिन गुरगुरत होतं, पण चाकं हलेनात. मोबाइलला रेंज नाही. भाऊनं बॉनेट उघडून गिअरचं तेल मोजायची पट्टी काढून हुंगली. तेल काळं पडलेलं, जळकं. येऊन बसला, हळूच रिव्हर्स टाकला… गाडी मागे सरकली.

"पुढं नाई जात, पन मागं जाते," तो म्हणाला. "आलापल्लीचा दवाखाना मागंच हाय."

आलापल्लीपर्यंत भाऊनं गाडी उलटी नेली. मान वळवलेली, नजर मागच्या काचेतून रस्त्यावर. त्यामुळे मागच्या सीटवर कण्हणाऱ्या कविताला सगळी वाट मामाचा चेहरा समोर दिसत होता. "माह्याकडं पाह्य," तो तिला म्हणत होता, "पोहोचून राह्यलो."

पोहोचलो, आणि थोड्याच वेळात नात झाली.

पुढे गॅरेजात त्यानं गिअरबॉक्स उघडला. तेल थंड करणारी नळी पाझरत होती. तेल कमी पडून पुढच्या गिअरच्या क्लच प्लेटा जळल्या होत्या, रिव्हर्सच्या वेगळ्या म्हणून वाचल्या. गाडी त्यानं नीट करून दिली, पण निघण्याआधी आपण तेल पाहिलं नाही, हे त्याच्या मनातून कधी गेलं नाही.

तेव्हापासून आम्ही कुठंही निघालो की आधी त्याला फोन लावायचा. मी मोबाइल बॉनेटजवळ धरायची, जावई ब्रेकवर पाय ठेवून गिअर टाकायचे आणि तिकडे भाऊ कान देऊन ऐकायचा. "जा आता," म्हणाला की निघायचं.

परवा नागभीडला लग्नाला निघालो. इंजिन सुरू झालं आणि मी सवयीनं फोन हातात घेऊन गाडीसमोर जाऊन उभी राहिले… जावयांनी गिअर टाकला नाही, हॉर्नही वाजवला नाही. मी येऊन बसेपर्यंत ते थांबून राहिले.